देवाचं काही करतेस की नाही?

सणावाराला कोणी ना कोणी विचारतंच. मागच्या महिन्यात आत्याबाई आल्या होत्या. देव्हाऱ्यातली कालची कोमेजलेली जास्वंद बघून म्हणाल्या, "नोकरी सोडून पाच वर्षं झाली ना गं तुला? मग देवाचं काही करतेस की नाही?" मी चहा गाळत होते, हसून वेळ मारून नेली. पण तुम्ही इतक्या जणींनी विचारलंत, म्हणून एकदा नीट बसून सांगते.

साग्रसंगीत पूजा माझ्याच्याने होत नाही. दिवा लागतो, तोही कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधे. एकदा पारायण बसवलं होतं, तर धाकट्याला कांजिण्या आल्या. ते राहिलं ते राहिलंच.

आधी मी ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे. एका रुपयाचा फरक आला तरी संध्याकाळी सातपर्यंत शोधत बसायचं, आणि टॅली झालं की काय बरं वाटायचं! घरी बसल्यावर पहिलं वर्षभर मला हेच छळायचं, इथे काही टॅली होतच नाही. ओटा पुसला, अर्ध्या तासात चिकट. डब्यात भेंडी गेली, भेंडी परत आली. शिवाय हे काम नीट झालं की दिसेनासंच होतं. इस्त्रीचा शर्ट जागेवर असला तर कोणाला पत्ता नसतो, नसला की घरभर हाका. 2024च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला घरकाम करणाऱ्या बायकांचा 289 मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 88. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "88 जरा जास्तच वाटतात गं." प्रामाणिक माणूस आहे.

त्या वर्षात दोघी-तिघींनी मला जनाबाई ऐकवली. दळिता कांडिता, तुज गाईन अनंता. म्हणजे बाई गं, कुरकुर नको, दळता दळता देव आठव. खरं सांगते, मला तेव्हा जनाबाईचाच राग आला होता. पुढे तिचे बाकीचे अभंग वाचले आणि लक्षात आलं की आपल्याला अर्धीच जनाबाई सांगतात. नामदेवांच्या घरची ही दासी. दळण पवित्र आहे, मुकाट दळा, असं ती कुठे म्हणते? तिचा विठोबा तिच्यासोबत दळायला बसतो. ती गोवऱ्या वेचायला जाते तर हा पाठोपाठ हजर. पितांबर खोचून मोट स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि जनी मोकळ्या हाताने मागून चालते! एका अभंगात ती तुळशीच्या बनात वेणी सोडून बसलीय, आणि चक्रपाणी हातात लोणी घेऊन तिचं डोकं चोळतोय.

हा अभंग मला कळला तो गेल्या जूनमध्ये. शाळा सुरू झाली आणि आठवड्याभरात लेक डोकं खाजवायला लागली. उवा. मग गॅलरीत उजेडाला तिला पुढ्यात घेऊन बसायचं, मांडीवर जुना पांढरा टॉवेल, वाटीत कोमट खोबरेल. तेल मुरलं की बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत, दर खेपेला टॉवेलवर झटकायची. उवा निघतात, लिखा निघत नाहीत. त्या केसाला चिकटलेल्या असतात, कानामागे आणि मानेवर जास्त. एकेक नखांच्या चिमटीत धरून ओढून काढावी लागते. एक राहिली तरी आठवड्या-दहा दिवसांत फुटते आणि सगळं पहिल्यापासून. तासभर मान खाली घालून बसलेली पोरगी "झालं का? झालं का?" करत होती, आणि कधीतरी गप्प झाली. बघते तर माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून झोपलेली. मी तशीच बसून राहिले. गॅसवर डाळ होती, ती लागली.

चक्रपाणी हेच तर करत होता. आता लगेच 'आई म्हणजे देवाचंच रूप' असलं काही मला पाठवू नका. मातृदिनाचे ते फॉरवर्ड मला सोसत नाहीत. देवी म्हणायचं आणि भांडी तिच्याच पुढ्यात सरकवायची, ही जुनी युक्ती आहे. मी एवढंच म्हणते, की विठोबाला कुणाच्या डोक्याला तेल चोळताना कमीपणा वाटला नाही, तर मला तरी का वाटावा? आणि त्याने मोट उचलली, म्हणजे जनीला ती जड होत होती हेही त्याला मान्य होतं. रात्रीची भांडी आता नवरा घासतो. याच मोटेच्या अभंगाचा हवाला देऊन ते काम मी त्याच्याकडे दिलं. कढईचा तळ तसाच तेलकट ठेवतो, पण घासतो.

तर आत्याबाई, देवाचं करते. फूल मात्र रोज बदलायला हवं, ते तुमचं बरोबर आहे.

उवांचं अजून थोडं राहिलं. पुढच्या रविवारी माझंच डोकं खाजायला लागलं. लेकीने मला गॅलरीत खाली बसवलं, मागे स्टूल ओढून त्यावर चढून बसली आणि वाटीतलं अर्धंअधिक तेल एकदम ओतलं. ते कपाळावरून नाकापर्यंत आलं.

"हलू नकोस हं," ती म्हणाली. "एक दिसलीय."