न्यूरेंबर्गच्या रेल्वे संग्रहालयातील ०५ ००१

म्युनिकच्या मुक्कामातला एक पूर्ण दिवस न्यूरेंबर्गच्या डीबी (जर्मन रेल्वे) संग्रहालयासाठी राखून ठेवला, तो मुख्यतः ०५ ००१ हे वाफेचे इंजिन पाहण्यासाठी. आयसीई या अतिजलद गाडीने हे अंतर तासाभरात कापता येते. पण सवड असेल तर बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यापुरते एक दिवसाचे तिकीट) काढून प्रादेशिक गाडीने जावे, कारण त्या एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो आणि न्यूरेंबर्गची भुयारी रेल्वेही त्यातच येते. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच लागू होते आणि आयसीईला चालत नाही. संग्रहालय मुख्य स्थानकाहून पायी दहाएक मिनिटांवर आहे. सोमवारी ते बंद असते.

१९३३ पासून बर्लिन-हँबर्ग मार्गावर ताशी १६० किलोमीटरने धावणाऱ्या ‘फ्लिगेंडर हाम्बुर्गर’ या डिझेल गाडीला दोनच डबे होते. वाफेचे इंजिन याहून मोठी गाडी ओढत असा वेग राखू शकते का, हे अजमावण्यासाठी बोर्झिग कारखान्यात आडोल्फ वोल्फ यांच्या आराखड्यावरून १९३५ मध्ये ०५ ००१ आणि ०५ ००२ ही इंजिने घडवली गेली. तीन सिलिंडर, २० बार दाबाचा बॉयलर आणि वारा कापणारे गडद लाल आवरण ही त्यांची वैशिष्ट्ये. पण खरे थांबावे ते चालक चाकांपाशी, म्हणजे दट्ट्यांच्या जोराने फिरणाऱ्या मोठ्या चाकांपाशी. त्यांचा व्यास २.३ मीटर आहे, म्हणजे कडा उंच माणसाच्याही डोक्यावर जाते. आपल्याकडच्या डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनांची चालक चाके सुमारे १.७ मीटरची होती. ताशी २०० किलोमीटरला हे एवढे चाक सेकंदाला साडेसातहून अधिक फेरे घेत असे, आणि तितक्याच वेळा जड दट्टे पुढेमागे होत असत, हा हिशेब तिथे उभे राहूनच करावा.

जाण्यापूर्वी एक गोष्ट ठाऊक असावी: ११ मे १९३६ रोजी ताशी २००.४ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला तो ०५ ००२ ने, आणि ते इंजिन १९६० मध्ये भंगारात गेले. १९३८ मध्ये इंग्लंडच्या ‘मॅलार्ड’ या वाफेच्या इंजिनाने तो विक्रम मोडला, मात्र उतारावर, जर्मन इंजिनाने तो जवळजवळ सपाट मार्गावर केला होता, म्हणून माझ्या मते त्याची कामगिरी अधिक मोलाची आहे.

१९३७ चे तिसरे भावंड, ०५ ००३, सर्वांत धाडसी होते. त्यात चालकाची खोली पुढे आणली होती आणि कोळशाची भुकटी लांब नळीतून भट्टीपर्यंत फुंकली जाई. ज्वलन नीट साधले नाही, आणि युद्धकाळात त्याला नेहमीच्या बांधणीचे करून टाकले गेले. तेही आज उरलेले नाही, त्यामुळे या मालिकेचे प्रत्यक्ष दर्शन न्यूरेंबर्गलाच होते.

संग्रहालयासाठी किमान तीन तास ठेवावेत. १८३५ च्या ‘आडलर’ या इंजिनाची प्रतिकृती आणि बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याचा शाही डबाही इथेच आहे, तिथे रेंगाळायला होतेच, म्हणून ०५ ००१ आधी पाहून घ्यावे.