फुकट असतं ते फक्त डाउनलोड

स्टोअरमध्ये 'फ्री' म्हणून दिसणाऱ्या ॲपचं डाउनलोडच तेवढं फुकट असतं, वापराचं कुणी काही बोललेलं नसतं. ॲपलच्या ॲप स्टोअरवर २०१६ पर्यंत सबस्क्रिप्शन, म्हणजे ठरावीक मुदतीने आपोआप कापले जाणारे पैसे, मुख्यतः बातम्या, गाणी, व्हिडिओ अशा ठरावीक प्रकारांपुरतं होतं. त्या वर्षी ते सगळ्यांना खुलं झालं आणि स्कॅनर, कॅल्क्युलेटर, वॉलपेपरसुद्धा आठवड्याच्या हप्त्यावर आले.

भाव मात्र डाउनलोडच्या आधीच कळतो. आयफोनवर ॲपच्या पानाच्या तळाशी जाऊन 'इन-ॲप परचेसेस' या ओळीवर टॅप केलं की प्लॅनची नावं आणि दर दिसतात. एकाच नावाचा प्लॅन तीन वेगवेगळ्या दरांनी दिसला, तर बहुतेक वेळा भाव कुणाला किती सांगायचा याचे प्रयोग चाललेले असतात. प्ले स्टोअरमध्ये 'अबाउट धिस ॲप' उघडून खाली गेलं की फक्त सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे दोन आकडे मिळतात. प्लॅन आठवड्याचा की वर्षाचा, हे तिथून कळत नाही. त्यासाठी एक-दोन स्टारवाले ताजे रिव्ह्यू वाचावेत, लोक रागाच्या भरात रक्कम अगदी अचूक लिहितात.

खरी गंमत पहिल्यांदा ॲप उघडल्यावर. आधी सात-आठ प्रश्न, मग 'तुमचा प्लॅन तयार होतोय' म्हणत सरकणारी पट्टी (तयार काहीही होत नसतं), आणि मग पैशांचा स्क्रीन. ठळक अक्षरांत '३ दिवस मोफत', खाली फिकट राखाडीत 'त्यानंतर दर आठवड्याला अमुक'. काही ॲपमध्ये 'फ्री ट्रायल' असं एक स्विच असतं. ते चालू केलं की निवड वर्षाच्या प्लॅनवरून गुपचूप आठवड्याच्या प्लॅनवर उडी मारते. आठवड्याचे १०० म्हणजे वर्षाचे ५,२००, तेव्हा ५२ ने गुणल्याशिवाय पुढे जाऊ नका. बंद करायची फुली कोपऱ्यात असते, पुष्कळदा चार-पाच सेकंद उशिरा उगवते. ती दाबून पाहावीच. मर्यादित का होईना, ॲप बऱ्याचदा चालतं.

पैसे मंजूर करायला बोट टेकवायच्या आधी ॲपलची किंवा गूगलची स्वतःची पेमेंटची पट्टी खालून वर येते, ती नीट वाचा. ट्रायल किती दिवसांची, पहिली रक्कम कोणत्या तारखेला, किती मुदतीसाठी, हे त्यावर असतं आणि ॲपवाल्याला ते रंगवता येत नाही.

ट्रायल घेतलीच तर त्याच मिनिटाला रद्द करून ठेवा. गूगलवर आणि ॲपलवरच्या इतर कंपन्यांच्या ॲपमध्ये ट्रायलचे उरलेले दिवस सहसा तसेच मिळतात. ॲपलच्या स्वतःच्या सेवांची ट्रायल मात्र रद्द करताच बंद पडते, तिथे आठवण लावून ठेवावी. ॲपल मुदत संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करायला सांगतं, म्हणजे तीन दिवसांच्या ट्रायलचे हातात दोनच दिवस. रस्ता असा: आयफोनवर सेटिंग्ज, वर आपलं नाव, सबस्क्रिप्शन्स. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, प्रोफाइलचं चित्र, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'.

ॲप डिलीट केल्याने पैसे कापणं थांबत नाही. बरेच लोक इथेच फसतात. कार्ड काढून टाकणं हाही उपाय नव्हे, कारण ॲपल ६० दिवसांपर्यंत वसुलीचा प्रयत्न करत राहू शकतं.

यादीत सबस्क्रिप्शन दिसतच नसेल तर मेलमध्ये पावती शोधा. ती स्टोअरची असेल, तर ज्या मेल आयडीवर आली त्याच खात्याने स्टोअर उघडा. पावती थेट कंपनीची असेल तर पैसे वेबसाइटवर भरलेले आहेत, आणि ते तिथेच जाऊन रद्द करावे लागतात. रद्द करणं आणि पैसे परत मागणं ही दोन वेगळी कामं आहेत. गूगलकडे पहिल्या ४८ तासांत मागितले तर शक्यता बरी, नंतर डेव्हलपरच्या, म्हणजे ॲप बनवणाऱ्याच्या, दारात उभं राहावं लागतं. ॲपलचं त्यासाठी 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' नावाचं वेगळं पान आहे.

सगळीच सबस्क्रिप्शन्स लबाड नसतात. हवामान, क्लाउड, भाषांतर यांच्यामागे सर्व्हरचा खर्च रोज चालू असतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकून पाहा. ॲपचं मुख्य काम तसंच चालत असेल तर दर आठवड्याला पैसे कशाचे, हे विचारायला हरकत नाही. अर्थात फोनची सिस्टीम दरवर्षी बदलते, त्याची डागडुजी कुणीतरी करतंच, तेव्हा वर्षाची माफक रक्कम समजू शकते. पण कागद स्कॅन करायला आयफोनचं नोट्स किंवा गूगल ड्राइव्ह पुरतं, क्यूआर कोड कॅमेराच वाचतो.

नोंदी, हिशेब, डायरी यांच्या ॲपमध्ये पहिल्याच दिवशी दोन खोट्या नोंदी करून एक्स्पोर्ट (नोंदी फाइल म्हणून बाहेर काढायची सोय) दाबून बघा. एक्स्पोर्टलाच कुलूप असेल तर वर्षभराचा मजकूर नंतर ओलीस पडतो.

फोन बदलल्यावर पुन्हा पैसे मागितले तर भरण्याआधी 'रिस्टोअर परचेसेस' दाबा. आयफोनवर घेतलेलं अँड्रॉइडवर याने परत येत नाही, ॲपचं स्वतःचं लॉगिन असेल तरच येतं.