तिच्या मापाचं

मे महिन्यातली रात्र होती. पावणेबाराला कॅज्युअल्टीतून फोन आला तेव्हा मी नुकतीच जेवून उठले होते. ड्यूटीवरचा डॉक्टर एका दमात म्हणाला, "मॅडम, पस्तीस वर्षांची बाई, मोटारसायकलवरून पडलीय, जीसीएस सात, डावी बाहुली मोठी झालीय." जीसीएस म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे त्याचं मोजमाप, पण शेवटचे तीन शब्द ऐकल्यावर न्यूरोसर्जनला पुढचं काही विचारावं लागत नाही. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्त साचायला लागलं की मेंदूला सरकायला जागा उरत नाही, तो खाली दाबला जातो आणि डोळ्याच्या बाहुलीची नस चेपते. बाहुली मोठी होणं म्हणजे हातात मिनिटं उरली आहेत. मी सीटी स्कॅन आणि ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, दोन्ही तयार ठेवायला सांगितलं आणि निघाले.

साताऱ्यात काम करते मी. पुणे-बेंगळुरू महामार्ग आमच्या उशाशी आहे, त्यामुळे डोक्याला मार लागलेला माणूस आला नाही असा आठवडा जात नाही. पण ही केस मी विसरू शकत नाही, आणि त्याचं कारण ऑपरेशनमध्ये नव्हतं. ते बाहेर बाकड्यावर बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या मांडीवर होतं.

मी आत शिरले तेव्हा तो उभा राहिला. कोपर सोललेलं, गुडघ्यावर पँट फाटलेली, बाकी धडधाकट. काखोटीला कापडी पिशवी, तिच्यात कुरडयांचा डबा. बायकोच्या माहेरी कुरडयांचा घाट घातला होता, दिवसभर तिथे होती ती, संध्याकाळी हा कामावरून सुटून तिला आणायला गेला. परत येताना रस्त्याच्या कडेला पसरलेल्या बारीक खडीवर चाक घसरलं. दोघंही डाव्या अंगावर पडली. वेग तीस-पस्तीसच्या वर नसावा असं तो सांगत होता आणि मला ते खरं वाटलं. जोरात पडलेल्याच्या अंगावर बाकीही खुणा असतात. तिच्या अंगावर जवळजवळ काहीच नव्हतं.

"बोलत हुती वो ती," तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "उठून बसली. मला म्हनली, तुमास्नी लागलंय का बघा, मला काय न्हाय झालं. पिशवी बी तिनंच उचलली."

त्याला विश्वासच बसत नव्हता. मला बसत होता, कारण हे मी इतक्यांदा पाहिलंय. कानशिलाचं हाड कवटीतलं सगळ्यात पातळ हाडांपैकी एक. त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते आणि हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं. सुरुवातीला माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, घरी जायचं म्हणतो. मग डोकं दुखायला लागतं, उलटी होते, झोप येते. घरचे म्हणतात, दमलीय, झोपू द्या. हिला रस्त्याकडेच्या एका घराच्या ओसरीवर बसवलं, पाणी पाजलं, पाऊण तास ती बोलत होती. उलटी झाल्यावर कोणीतरी शहाण्या माणसाने १०८ला फोन केला. त्या माणसाचं नावही मला ठाऊक नाही, पण ती आज आहे ती त्याच्यामुळे.

सीटीत तेच दिसलं. डाव्या बाजूला भिंगाच्या आकाराचा रक्ताचा मोठा गोळा, त्याच्याखाली मेंदू खरचटून सुजलेला. सही घेताना मी नवऱ्याला सांगितलं की केस काढावे लागतील. तो म्हणाला, "काढा की." पण ओटीत सिस्टरने तिची वेणी कापली तेव्हा मावशींना ती एका स्वच्छ पिशवीत ठेवायला सांगितली. लांबसडक वेणी होती, रबराला मोगऱ्याची चार-पाच फुलं अजून अडकलेली.

साडेबाराला सुरू केलं, साडेतीनला संपलं. रक्ताचा गोळा निघाला, धमनी बंद झाली, पण मेंदू सुजलेला होता आणि वर येत होता. अशा वेळी कापलेलं हाड परत बसवलं तर आपणच त्याला पुन्हा दाबून टाकतो. म्हणून तळहाताएवढा तो तुकडा तिच्या पोटाच्या कातडीखाली चरबीत ठेवून शिवला. तिथे तो जिवंत राहतो, सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवायचा. नातेवाइकांना हे सांगितलं की ते गोंधळतात. डोक्याचं हाड पोटात, हे ऐकून कोणीही गोंधळेल.

चारच्या सुमारास मी बाहेर आले. तो त्याच बाकड्यावर होता. मी शेजारी बसले आणि सांगण्यासारखं होतं ते सगळं सांगितलं: जीव वाचेल असं वाटतंय, पण मार डाव्या बाजूला आहे, बोलण्याचं केंद्र बहुतेकांचं त्याच बाजूला असतं, उजव्या हातापायाची ताकद कमी राहू शकते. त्याने मान हलवली. मग मांडीवरचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर केलं.

मी ते हातात घेतलं. काळं, साधं, मागे आयएसआयची खूण असलेलं. डाव्या बाजूला, कानाच्या वर, वीतभर लांब खरवडा. वरचा थर खडीने इतका घासलेला की आतला पांढरा फायबर दिसत होता. बोट आत घालून पाहिलं तर त्याच जागी आतलं थर्मोकोल चेपलं होतं, खळगा पडला होता. हेल्मेटचं काम तेच असतं. धक्का थर्मोकोलमध्ये जिरतो, डोक्यात जात नाही. अर्ध्या तासापूर्वी मी तिच्या कवटीवर ज्या जागी काम करत होते, तीच ही जागा. कानाच्या वर, डावीकडे. दोघं एकाच गाडीवर, एकाच वेगात, एकाच खडीवर, एकाच अंगावर पडली होती.

"घरात दुसरं हेल्मेट नव्हतं?" मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं, पण विचारलं गेलं.

"एकच हाय मॅडम. कंपनीच्या गेटावर त्याच्याबिगर आत सोडत न्हाईत. आन् नाक्यावर पोलिस धरतात." थोडा थांबून म्हणाला, "मागं बसल्यालीला कोन इचारतंय?"

ते वाक्य घेऊन मी घरी गेले आणि झोप लागली नाही.

हेल्मेटसक्तीवर बोलणं निघालं की लोक पहिलं वाक्य हे म्हणतात: डोकं माझं, मर्जी माझी, सरकारचा काय संबंध? त्या रात्रीपर्यंत मी या वाक्याला आदराने उत्तर द्यायची, कारण स्वातंत्र्याचा मुद्दा मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. पण त्या बाईची मर्जी कुठे होती? हेल्मेट नको असं ती कधी म्हणाली नव्हती. तिच्यासाठी ते कधी आणलंच गेलं नव्हतं. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आलं ते त्याला अचानक शहाणपण सुचलं म्हणून नाही, गेटवर आणि नाक्यावर सक्ती होती म्हणून आलं. जिथे सक्ती पोचली तिथे डोकं वाचलं. सक्ती जिथे थांबली, त्याच्या मागच्या सीटवर ही बाई बसली होती. तो वाईट माणूस नव्हता. पहाटे चार वाजता कुरडयांचा डबा मांडीवरून खाली न ठेवणारा माणूस बायकोवर माया नसलेला असू शकत नाही.

आणि गंमत नव्हे, दुःख असं की कायद्याने तिला विसरलेलं नाही. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याचं कलम १२९ चालवणाऱ्याइतकंच मागे बसणाऱ्याच्याही डोक्याबद्दल बोलतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे, पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींचा अपवाद सोडून. हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, अशी तरतूदही त्यात आहे. कायदा दोन डोकी मोजतो, रस्त्यावर आपण एकच मोजतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे: हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार त्या वर्षी गेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. मी हा आकडा पूर्वीही वाचला होता. तेव्हा माझं लक्ष पहिल्या आकड्यावर होतं.

मी काही वेगळी नव्हते. एमबीबीएसला पुण्यात असताना मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून सगळं पुणे हिंडले. डोक्याला काय, तर स्कार्फ, डोळे तेवढे उघडे ठेवून गुंडाळलेला. धूळ आणि ऊन लागू नये याची केवढी काळजी होती आम्हाला! २०१९च्या जानेवारीत पुण्यात सक्ती सुरू झाली तेव्हा काहींनी पगड्या घालून विरोध केला. तेव्हाचे मुद्दे मी आजही ओपीडीत ऐकते: मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, गावात कुठे कोण वेगाने चालवतं. पहिल्या तिन्हींवर योग्य मापाचं हेल्मेट आणि थोडी सवय हा उपाय आहे. चौथा मुद्दा मात्र मी कधीच सोडून देत नाही. गाडीवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून नुसतं खाली आपटलं तरी ते ताशी एकोणीस-वीस किलोमीटरने जमिनीला भिडतं, गाडी जागच्या जागी उभी असली तरी. कानशिलाच्या हाडाला तेवढं पुरतं.

आमच्या शाखेचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९३५ साली 'अरेबियाचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. त्यानंतर त्यांनी मोटारसायकलवरच्या मृत्यूंचा अभ्यास सुरू केला आणि १९४१मध्ये निष्कर्ष छापले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी तिथे कायदा यायला १९७३ उजाडलं. विद्यार्थी असताना हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, सर्जनने कवटी उघडावी, कायद्याचं काम त्याचं कशाला? आता वाटतं, दुसरं करणार तरी काय? रात्री साडेतीनला मी जे करते ते तडा गेल्यानंतरचं असतं. तडा जाऊच नये यासाठी माझ्या हातात एकही हत्यार नाही.

ती तेराव्या दिवशी डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहायला लागली. उजव्या हाताची मूठ हळूहळू वळायला लागली, पाऊल पडायला लागलं. शब्द मात्र येईनात. समजायचं सगळं. नवऱ्याला पाहून हसायची, पोरीला पाहून रडायची, पण नाव घेता यायचं नाही. चौथीतली ती पोर शाळेत बाई शिकवतात तशी आईला शिकवायची. चमचा समोर धरून म्हणायची, "आई, हे काय?" आई ओठ जुळवायची, कपाळावर घाम यायचा, आणि म्हणायची, "ते... ते खायचं." पोर म्हणायची, "बरोबर! च... च..." तो राउंड घेताना मी जरा जास्त वेळ रेंगाळायची आणि सोबतच्या ज्युनिअरना घाई करू द्यायची नाही.

घरी सोडायच्या दिवशी मी नवऱ्याला सूचना देत होते. फिट येऊ नये म्हणून गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, डाव्या कुशीवर झोपवायचं नाही. डावीकडे कातडीखाली आता हाड नाही, मेंदू उघड्यासारखाच आहे. तोल अजून कच्चा आहे, बाथरूममध्ये पाय घसरला, दाराची चौकट लागली तरी धोका. म्हणून हाड परत बसेपर्यंत उठता-बसता, घरात चालतानासुद्धा, डोक्यावर हेल्मेट हवं. गाडीचं जड नको, आत मऊ फोम असलेलं हलकं मिळतं, ते आणा.

तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "तिच्या मापाचं मिळंल का वो?"

"मापाचंच हवं," मी म्हणाले. "सैल असलं तर उपयोग नाही."

सिस्टरने ड्रॉवरमधून टेप काढली. मी खळग्याच्या बाजूला हात धरला, तिने टेप कपाळावरून मागे नेली, अगदी हलक्या हाताने. ती बाई नवऱ्याकडे बघत स्थिर बसली होती, मापं देताना बायका शिंप्याकडे बसतात तशी.

"चोपन्न," सिस्टर म्हणाली.

त्याने खिशातलं एसटीचं तिकीट काढलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि त्याच्या मागे ते मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.