साडेतीननंतरच्या नोंदी कुठे गेल्या?

गच्चीवर तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर बसवला, तेव्हा लिनक्सवर दोन प्रोग्रॅम केले. सी-मधला एक दर 10 सेकंदांनी आकडे घेऊन वेळेसकट 40 बाइटची ओळ लिहायचा. पायथनमधला दुसरा ती वाचून डेटाबेसमध्ये टाकायचा. मध्ये एमकेफिफो कमांडने केलेला नेम्ड पाइप, म्हणजे एकाने लिहिलेलं दुसऱ्याकडे क्रमाने पोचवणारी, फाइलसारखं नाव असलेली नळी.

पहिल्या दिवशी सतरा मिनिटं काहीच आलं नाही, मग शंभरावर ओळी एकदम धाडकन आल्या. वाचणाऱ्याच्या जागी नुसतं कॅट (आलेलं जसंच्या तसं दाखवणारी कमांड) लावून पाहिलं, तर शेवटची ओळ अर्ध्यात तुटलेली. मोजले तर बरोबर 4,096 बाइट. यात पाइपचा काही दोष नव्हता. समोर टर्मिनल नसेल तर सी-ची लायब्ररी माल आधी स्वतःच्याच बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवते आणि तो भरला की पुढे ढकलते. सेटव्हीबफ या फंक्शनने ओळीगणिक पाठवायला सांगितलं, प्रश्न मिटला.

खरा धडा आठवड्याने मिळाला. रात्री 11 वाजता मी डेटाबेसवर लॉक (दुसऱ्याला लिहू न देणारं कुलूप) ठेवून झोपलो. वाचणारा प्रोग्रॅम तिथेच ताटकळत राहिला. सकाळी सातला लॉक सोडला आणि तुंबलेल्या नोंदी क्रमाने भराभर आत आल्या. पण पहाटे साडेतीनपर्यंतच्याच! तिथून सातपर्यंत सगळं कोरं. अडकला तो अकरा वाजता, मग खंड साडेतीनला का पडावा? मी तासभर सेन्सरच्या वायरी तपासत बसलो.

उत्तर पाइपच्या पोटात होतं. फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडमध्ये त्याचा आकार कायम शून्य दिसतो, कारण डिस्कवर असतं ते फक्त नाव. माल कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीत राहतो. लिनक्समध्ये ती जागा सहसा 65,536 बाइट, म्हणजे 4,096 बाइटची 16 पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे). एका पानात माझ्या 102 ओळी मावतात, सोळा पानांत 1,632. दहा सेकंदांना एक, म्हणजे साडेचार तास. अकरा अधिक साडेचार! पाइप भरला, लिहिणारा राइट या लिहिण्याच्या कॉलवरच थांबला, आणि थांबलेला प्रोग्रॅम सेन्सर कुठून वाचणार? त्या नोंदी हरवल्या नव्हत्या, घेतल्याच गेल्या नव्हत्या.

एफसीएनटीएल या कॉलने पाइप 1 एमबीपर्यंत वाढवता येतो, तीन दिवस निघाले असते. तरी मला ते पटलं नाही. वीज गेली की मेमरीतलं सगळं जाणारच. म्हणून लिहिणारा आता पाइप नॉनब्लॉक करून, म्हणजे ताटकळत न थांबण्याच्या बोलीवर, उघडतो आणि थेट राइट वापरतो. जागा नसेल तर लगेच ईअगेन (‘नंतर पुन्हा प्रयत्न कर’ असा एरर) मिळतं, ती ओळ फाइलमध्ये जाते. 4,096 बाइटपर्यंतची ओळ एकतर पूर्ण जाते नाहीतर मुळीच जात नाही, त्यामुळे अर्धवट तुकड्याची भीती नाही.

परवा वाचणारा मुद्दाम रात्रभर गोठवून ठेवला. सकाळी फाइल उघडली, पहिलीच ओळ साडेतीनच्या सुमाराची होती.