बस, पाच मिनिटं

काल दुपारी जेवणं झाल्यावर फडताळातले जुने कागद बदलत होते, तर हिंगाच्या डबीखालून एक पत्रक निघालं. इंदूरजवळच्या राऊला प्लॉट. एबी रोड टच, स्टेशन 5 मिनट, आयआयएम 5 मिनट, एअरपोर्ट 20 मिनट. कोपऱ्यात मेट्रोचंही चित्र. आता मेट्रो सुरू झाली 2025 च्या मेमध्ये, ती तिकडे गांधीनगर-सुपर कॉरिडॉरला, राऊवाल्यांना तिचं काय, पण चित्राला कोण अडवतंय.

इंदुरात किलोमीटर कोणी मोजतच नाही. कुठेही जायचं असो, पाच मिनिटं.

माझी मावशी राऊला राहायची. आम्ही रामबागेतले, आम्हाला राऊ म्हणजे परगावच. मावशी म्हणायची, अगं तुम्हाला स्टेशन गाठायलाच टांगा लागतो, आमच्या तर ओट्यावर शिट्टी ऐकू येते, आणि दुसऱ्या अंगाला आग्रा-मुंबई रोड, अख्खी मुंबई आमच्या दारावरून जाते! ती स्वतः मात्र मुंबईला एकदाही गेली नाही.

मग आम्ही महूच्या पॅसेंजरने निघायचो. मीटरगेजची ती छोटी गाडी, मला खिडकी, आईच्या मांडीवर गुळपोळ्यांचा डबा. राजेंद्रनगर गेलं की शेतं लागायची आणि आईची लगेच घाई सुरू, चप्पल घाल, आलं राऊ. आम्ही दाराशी जाऊन उभे आणि गाडी नेमकी सिग्नलला थांबलेली, प्लॅटफॉर्म समोर दिसतोय, त्यावर काका दिसतायत, काका हात हलवतायत, आम्ही हलवतोय, हात दुखले तरी गाडी हलत नाही, आणि डब्यातलं तूप झिरपून आईच्या साडीवर ही एवढी मोठी चकती. आई काही बोलायची नाही. फक्त निऱ्या फिरवून डाग आत घ्यायची.

काकांना त्या रेल्वेचा कोण अभिमान. तुकोजीराव होळकरांनी 1870 साली इंग्रजांना 1 कोटीचं कर्ज दिलं म्हणून ही लाइन झाली, तेही साडेचार टक्क्यांनी, हे ते असं सांगायचे की जणू रक्कम त्यांच्याच पेटीतून गेलीये. गाडी लेट का, याला मात्र उत्तर नाही.

आता ब्रॉडगेज झालं, मधली शेतंही गेली. राऊ कुठे सुरू होतं ते पाटी वाचूनच कळतं.

पत्रकावरच्या नंबरवर मी उगीचच फोन लावला. प्लॉट घ्यायचा नाहीये हो, नुसतं विचारायचं होतं की ही पाच मिनिटं पायी की गाडीने. तो म्हणाला, "मॅडम, आपके एरिये में ही हूँ, बस पाँच मिनट में आया."

दोन कप जास्तीचा चहा टाकला. संध्याकाळी आम्हीच प्यायलो.