रोम आणि फ्लॉरेन्समध्ये दोघांचं जेवण : एक वेळ बसून, एक वेळ उभ्यानं

दोघांच्या सहलीत भांडण व्हायचं असेल तर ते दुपारी साडेतीनला होतं. एकाला कडकडून भूक लागलेली, दुसऱ्याला अजून एक चर्च बघायचं, आणि समोरच्या हॉटेलचं स्वयंपाकघर बंद. इटलीत भूक लागली म्हणून जेवण मिळत नाही, वेळ झाली की मिळतं. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात दिवसभर उघडी असणारी ठिकाणं बहुतेक पर्यटकांच्या गर्दीवर चालतात. म्हणून आम्ही रोज सकाळी कॉफी घेतानाच ठरवायचो : आज टेबलावर बसून जेवायचं ते दुपारी की रात्री, आणि कुठल्या भागात. दुसरं जेवण उभ्यानं, चालता चालता. एवढ्या एका ठरावामुळे सगळी सहल सुखाची झाली, खर्चही आटोक्यात राहिला.

उभ्यानं खाणं म्हणजे तडजोड नव्हे. रोममध्ये ‘पिझ्झा अल तालियो’ची दुकानं गल्लोगल्ली आहेत. मोठ्या चौकोनी ताटातला पिझ्झा, किती कापायचा ते हातानं दाखवायचं, वजनावर पैसे. दोघांनी चार प्रकारांचे छोटे तुकडे घेतले की छान जेवण होतं. मी शाकाहारी आहे. बटाट्याचा आणि नुसत्या टोमॅटोचा ‘रोस्सा’ हे माझे हक्काचे. कॉफीचंही तसंच : काउंटरपाशी उभं राहून प्यायलात तर एस्प्रेसो दीड युरोच्या आसपास, तीच टेबलावर मागवलीत तर बरीच महाग, त्यातही मोठ्या चौकात बसलात तर विचारू नका. आणि पाण्याची बाटली सोबत ठेवाच. रोमच्या रस्त्यांवर ‘नाझोनी’ नावाचे लोखंडी नळ 1874 पासून आहेत. पाणी पिण्याचं, गार आणि फुकट. हॉटेलात मात्र पाणी बाटलीचंच येतं, साधं की बुडबुड्यांचं एवढंच विचारतात.

आता बसून जेवण्याबद्दल. मेन्यूत आंतिपास्ती (सुरुवातीचे छोटे पदार्थ), प्रीमी (पास्ता, सूप वगैरे), सेकोंदी (मांस-मासे), कोंतोर्नी (सोबतच्या भाज्या), दोल्ची (गोड) असे पाच भाग बघून दडपण येतं. प्रत्येकानं पाचही मागवायची काही गरज नाही. आमची मागणी ठरलेली असायची : एक आंतिपास्तो दोघांत, मग एक-एक पास्ता, एक भाजीचा कोंतोर्नो मध्ये, आणि पोटात जागा उरली तर एक गोड, दोन चमचे. कोणी नाक मुरडलं नाही. वाइन घेणार असाल तर हॉटेलची ‘हाउस वाइन’ पाव किंवा अर्ध्या लिटरच्या सुरईत मिळते. अर्धा लिटर दोघांना पुरते.

शाकाहारी जोडीदार असेल तर काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. रोमच्या प्रसिद्ध चार पास्त्यांपैकी कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रीचा या तिन्हींत डुकराच्या गालाचं मांस असतं. उरतो काचो ए पेपे, चीज आणि मिरीचा. पण त्यातल्या पेकोरिनो रोमानोत कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं विरजण, असतं, आणि पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या. हे ज्यांना चालत नाही त्यांनी चीज नको असं स्पष्ट सांगावं, आणि मारिनारा पिझ्झा मागवावा. त्यात चीज नसतंच, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. थंडीत किंवा वसंतात गेलात तर ज्यू वस्तीतलं तळलेलं आख्खं आर्टिचोक, म्हणजे फुलाच्या कळीसारखी भाजी, चुकवू नका. बाहेरच्या पाकळ्या कुरकुरीत, आतला गाभा लोण्यासारखा. त्यासाठी मी पुन्हा रोमला जाईन.

फ्लॉरेन्स हे मांस खाणाऱ्यांचं गाव. तिथल्या गाड्यांवरचं लांप्रेदोत्तो म्हणजे गाईच्या जठराचं सँडविच, आणि रागू या पास्त्याच्या मांसाच्या सॉसमध्येही बहुतेक वेळा गोमांस असतं. वर्ज्य असेल तर विचारून घ्या. प्रसिद्ध बिस्तेक्का, म्हणजे गोमांसाचा जाड भाजलेला तुकडा, वजनावर मिळते, तुकडा सहसा किलोच्या आसपास किंवा जास्तच, आणि आतून लालसरच वाढतात. दोघांत खाणारा एकच असेल तर ती मागवू नका, ‘तालियाता’ मागवा : कापलेलं भाजलेलं मांस, एका माणसापुरतं. नवऱ्यानं तेच केलं आणि तो खूश होता. माझ्यासाठी रिबोल्लिता होतं, शिळ्या पावाचं, काळ्या केल या पालेभाजीचं आणि घेवड्याचं दाट सूप. मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारून घेतलं. तिथला पाव अळणी असतो, ती बेकरीची चूक नाही, पद्धतच तशी आहे.

मेन्यूवर दोन बारीक गोष्टी बघा. मासे किंवा मांसापुढे ‘एत्तो’ लिहिलं असेल तर किंमत 100 ग्रॅमची आहे, ताटाची नव्हे. आणि पदार्थापुढे चांदणी असेल तर तळाशी खुलासा वाचा. बहुधा तो माल गोठवलेला असतो.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. तासभर बसलात तरी कोणी उठवणार नाही, आणि दोघंच असलात की हे फार आवडतं. उठायचं असेल तेव्हा ‘इल कोंतो’ म्हणा. फ्लॉरेन्समध्ये बिलावर कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, दिसेल, माणशी दोन-तीन युरो. ती फसवणूक नाही, पण मेन्यूत आधी छापलेली असायला हवी. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथे कोपेर्तो घ्यायला 2006 च्या कायद्यानं बंदी आहे, पावाचे पैसे मात्र लावता येतात. पाव नको असेल तर टोपली आल्या आल्या परत करा. टिप सक्तीची नसते. सेवा मनापासून आवडली तर आम्ही थोडी नाणी ठेवायचो.

टेबल आधी सांगून ठेवणं उत्तम, शुक्रवार-शनिवारी रात्री तर नक्कीच. बरीच घरगुती ठिकाणं रविवारी रात्री किंवा सोमवारी बंद असतात, आणि 15 ऑगस्टच्या आगेमागे तर मालकच सुट्टीवर जातात. त्या दिवसांत जाणार असाल तर निघण्यापूर्वीच फोन करून विचारून घ्या.