कार्डं पाडणारी बोटं

आज सोलापुरात जेकॉर्डची, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्राची, भोकांची कार्डं पाडणाऱ्या एका काकांकडे तासभर बसले. समोर आलेखाच्या कागदावर चादरीचा मोर, बोटांखाली पियानोसारख्या कळा. चौकटींची ओळ वाचायची, हव्या तेवढ्या कळा दाबायच्या, पाय मारायचा. ठप्प! कार्ड मागावर चढलं की भोक असेल तिथे ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. बाण्याच्या एका आडव्या धाग्याला एक कार्ड. म्हणजे एका मोरासाठी कार्डांची केवढी माळ! ज्याच्या नावावरून जेकॉर्ड, त्या जाकारनं १८०४ साली फ्रान्समध्ये मागावर बसवलेली ही युक्ती अजून तशीच.

"भोक चुकलं तर?"

"बुजवायचं, ताई. नाहीतर प्रत्येक चादरीत तीच चूक."

घरी येऊन आजीची चादर उलगडली. मोराच्या तुऱ्यात एक धागा उगाच वर आलाय. किती वेळ त्यावर बोट फिरवत बसले.